निपाणीतल्या चटणी-मसाल्याच्या युनिटसाठी नवा लेबल प्रिंटर : टीएससी टीई२४४

आमचं निपाणीत चटणी-मसाल्याचं युनिट आहे. कांदा-लसूण मसाला, कारळ्याची चटणी, शेंगदाण्याची चटणी. माल इकडे चिकोडी, संकेश्वर, बेळगावला जातो आणि तिकडे कागल, कोल्हापूरला. पाकिटावरचा बॅच नंबर, पॅकिंगची तारीख, एमआरपी आणि बारकोड आम्ही लेबल प्रिंटरवर काढतो. जुन्या प्रिंटरचं हेड, म्हणजे तापून अक्षर उमटवणारी बारीक ठिपक्यांची पट्टी, गेलं तेव्हा कळलं की ती कंपनी केव्हाच दुसऱ्या कंपनीत विलीन झाली आहे आणि आमचं मॉडेल बंद पडलंय. बेळगावच्या दुरुस्तीवाल्या दादांनी फोनवरच सांगितलं, "वहिनी, हेड मिळंल, पण नव्या मॉडेलचं. तुमच्यात ते बसायचं नाही."

लेबल प्रिंटरच्या धंद्यात कंपन्या सारख्या एकमेकींत जातात. झेब्राने १९९८ मध्ये एल्ट्रॉन घेतली. हनीवेलने २०१३ मध्ये इंटरमेक आणि २०१५ मध्ये डेटामॅक्स-ओ'नील घेतली. टीएससीने, म्हणजे आमच्या नव्या टीई२४४च्या कंपनीने, २०१६ मध्ये प्रिंट्रॉनिक्सचा लेबल प्रिंटरचा विभाग घेतला. पेटीवरचं नाव बदललं म्हणून आपल्या कपाटातली रिबन (हेडच्या उष्णतेने जिची शाई लेबलवर उतरते ती फीत) आणि कॉम्प्युटरमधली लेबलं बदलत नाहीत, आणि खरा खर्च तिथेच असतो. म्हणून मी नाव बाजूला ठेवून आधी दोन गोष्टी विचारल्या : प्रिंटरला कुठली भाषा कळते, आणि रिबन कुठली बसते.

भाषा म्हणजे लेबल छापायचा हुकूम. झेब्राची झेडपीएल, डेटामॅक्सची डीपीएल, टीएससीची टीएसपीएल, एल्ट्रॉनची ईपीएल. एल्ट्रॉन गेली, पण तिची ईपीएल आजही झेब्राच्या कितीतरी यंत्रांना कळते. विंडोजच्या ड्रायव्हरवरून छापणाऱ्यांना याची फिकीर नाही. आमचं बिलिंग सॉफ्टवेअर मात्र झेडपीएलमध्ये थेट हुकूम धाडतं, त्यामुळे ती न कळणारं यंत्र घेतलं असतं तर प्रत्येक लेबल पहिल्यापासून बांधावं लागलं असतं. टीई२४४ला झेडपीएल कळते. जुनी फाइल जशीच्या तशी पाठवली. समास थोडा सरकवावा लागला, एवढंच. चटणीचं नाव मराठीत आणि कन्नडमध्ये असतं, ते आम्ही चित्र म्हणून पाठवतो. प्रिंटरच्या आतल्या फाँटवर जोडाक्षरं तुटण्याची भीती असते, चित्रात ती नाही.

रिबनचं म्हणाल तर लहान प्रिंटरांत साधारण दोन पद्धती आहेत : अर्ध्या इंची नळीवरची ७४ मीटरची आणि एक इंची नळीवरची ३०० मीटरची. आमच्याकडे ३०० मीटरचा साठा होता आणि टीई२४४ला तीच लागते. सीझनला दिवसभर लेबलं काढणाऱ्याने ७४ मीटरवाल्याच्या वाटेला जाऊच नये. मधे-मधे थांबून रिबन बदलण्यात बाई अडकून पडते. शाई आतल्या बाजूला आहे की बाहेरच्या, हेही विचारून घ्या. उलटी गुंडाळलेली रिबन घातली तर लेबल कोरं निघतं.

रिबनशिवाय चालणारा, नुसत्या उष्णतेने छापणारा प्रिंटर स्वस्त पडतो, म्हणून दुकानदार तोच पुढे करतात. कुरिअरच्या चिठ्ठीला तो ठीक. चटणीच्या पाकिटाला अजिबात नको. तेलाचा हात लागला की अक्षर फिकं पडतं आणि उन्हात उभ्या टेम्पोत कागद काळवंडतो. मी दुकानात कारळ्याच्या चटणीचं पाकीट घेऊनच गेले होते. लेबल चिकटवलं, अंगठ्याला चटणीचं तेल लावलं आणि तारखेवरून दाबून फिरवलं. साध्या वॅक्स, म्हणजे मेणाच्या शाईच्या, रिबनची तारीख फरकटली. मेणात राळ मिसळलेल्या वॅक्स-रेझिन रिबनचा आकडा न आकडा जागेवर राहिला. रिबन थोडी महाग पडते, पण एक्सपायरीची तारीख वाचता आली नाही तर दुकानदार माल परत करतो.

हेडबद्दल बोलायलाच हवं, कारण प्रिंटर मरतो तो हेडमुळेच. हेडवरचा एक ठिपका जळाला की लेबलवर कागदाच्या चालीच्या दिशेने एक पांढरी रेघ उमटते. बारकोडच्या काड्या त्याच दिशेत उभ्या असतील तर एखादी काडीच नाहीशी होते आणि कोड वाचला जात नाही. काड्या आडव्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या छापल्या तर तीच रेघ सगळ्या काड्यांना थोडी-थोडी कापते आणि स्कॅनर तरीही वाचतो. नव्या प्रिंटरवर मी बारकोड फिरवूनच घेतला. रिबन लेबलपेक्षा थोडी रुंद ठेवावी, म्हणजे लेबलची कड हेडला घासत नाही. मिरचीची धूळ आमच्याकडे सगळीकडे उडते, म्हणून रिबन बदलताना दर वेळी आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड पुसतो.

यंत्र बारा हजारांच्या घरात पडलं. स्क्रीन नाही, आणि आमच्याकडचं नुसत्या यूएसबीवर चालतं, म्हणजे बिलिंगच्या टेबलापाशीच ठेवावं लागतं. पैसे देण्याआधी सुट्या हेडचा भाव आणि ते किती दिवसांत मिळेल हे बिलावर लिहून मागितलं. दादांनी ते लिहून दिलं, म्हणून त्यांच्याकडूनच घेतलं.

मोठ्या पाकिटांना २०३ डीपीआय, म्हणजे इंचाला २०३ ठिपके, पुरतं. त्यात एक ठिपका ०.१२५ मिलिमीटरचा, त्यामुळे दुकानी बारकोडची बारीक काडी दोन किंवा तीन ठिपक्यांचीच होते : दोनची फार बारीक, तीनची केली की कोड कोऱ्या कडा धरून चार सेंटिमीटरच्या वर जातो. छोटी पाकिटं काढणाऱ्यांनी ३०० डीपीआयचं मॉडेल बघावं.