खारघरमधील रुग्णनिवास: प्रत्यारोपणानंतरचे चाळीस दिवस
मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगासाठी माझ्याच मूळपेशी वापरून केलेल्या प्रत्यारोपणानंतर रुग्णालयातून सुटी मिळाली, तेव्हा आम्ही खारघरमधील एका रुग्णनिवासात ४० दिवस राहिलो. मेल्फालान या केमोथेरपीच्या औषधामुळे तोंड आतून सोलवटले होते आणि रक्तातील न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या वर गेले असले तरी संसर्गाची भीती कायम होती. अशा वेळी प्रत्येक खोलीला स्वतंत्र ओटा व गॅस असणे, ही या जागेची सर्वांत मोठी जमेची बाजू ठरली. पत्नी रोज पाणी उकळून गार करी आणि मुगाची मऊ खिचडी ताजी शिजवून वाढी. पहिल्या आठवड्यात चार चमचे संपवायला मला अर्धा तास लागे, आणि धाकटा भाऊ तोवर ताटली धरून समोर बसून राही.

तक्रार एकच. शेजारच्या खोलीत भिंत फोडण्याचे काम न कळवता सुरू झाले. अशा धुळीतून बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, त्यामुळे पूर्वसूचना द्यायलाच हवी होती. मात्र भावाने सांगताच व्यवस्थापकांनी त्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावरची खोली दिली. सोबत दोन माणसे राहणार असतील, तर मोठी खोलीच मागून घ्यावी.