अँजिओग्राफीच्या टेबलावर व्हीआर हेडसेट : घ्यावा की नाही?

आमच्या शहरातील एका खासगी रुग्णालयाने अँजिओग्राफीच्या, म्हणजे हृदयाच्या धमन्यांच्या तपासणीच्या, वेळी मला व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी दृश्य दाखवणारे उपकरण, लावला होता. वेदनेपेक्षा भीतीवर त्याचा अधिक उपयोग झाला आणि तेवढ्यासाठीसुद्धा ही सोय जरूर घ्यावी, असे माझे मत आहे.

अँजिओग्राफीत रुग्ण बहुधा जागाच असतो. सहसा मनगटाशी भूल देऊन धमनीत बारीक नळी बसवतात आणि तिच्यातून कॅथेटर ही लांब लवचिक नळी हृदयापर्यंत नेतात. त्रास होतो तो भुलीच्या सुईचा, हाताची धमनी आकसली तर येणाऱ्या कळेचा आणि सगळ्यात जास्त म्हणजे थंडगार कॅथ लॅबमध्ये, म्हणजे ही तपासणी होते त्या खोलीत, अरुंद टेबलावर निश्चल पडून असताना मनात येणाऱ्या नाही नाही त्या विचारांचा. हेडसेटमध्ये समोर तळे, काठावर झाडी आणि श्वासाची लय सांगणारा सौम्य आवाज होता. सुई टोचली तेव्हा माझे लक्ष खरोखरच पाण्यावर होते. हातातली कळ मात्र जाणवायची ती जाणवलीच.

वेदना जाणवण्यासाठी लक्ष त्या जागी असावे लागते, हे यामागचे तत्त्व आहे. अमेरिकेत सिएटल येथे हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन या संशोधकांनी भाजलेल्या रुग्णांच्या जखमांवर उपचार होत असताना ते वापरले. तिथे रुग्ण आभासी बर्फाळ दरीत बर्फाचे गोळे फेकत असत. कॅथ लॅबमध्ये हात बांधलेला आणि मान स्थिर, त्यामुळे नुसते पाहणे उरते, आणि मन तितके गुंतत नाही.

एक उणीव गंभीर आहे. हेडफोनचा आवाज मोठा ठेवल्यामुळे डॉक्टरांची ‘श्वास घेऊन रोखून धरा’ ही सूचना मला ऐकू आली नाही आणि परिचारिकेला खांदा हलवून ती सांगावी लागली. छातीत दुखू लागले तर रुग्णाने तत्काळ सांगायचे असते, तेव्हा दोन्ही बाजूंचे बोलणे स्पष्ट ऐकू येईल इतकाच आवाज ठेवण्याची काळजी रुग्णालयाने घेतलीच पाहिजे. शिवाय टेबल सरकले की समोरचे दृश्यही हलल्यासारखे वाटते आणि किंचित मळमळते.

ज्यांना गाडी लागते, चक्कर येते किंवा फिट्स येतात, त्यांनी डॉक्टरांना आधी सांगावे. चष्मा असणाऱ्यांनी हेडसेट वॉर्डातच लावून पाहावा, कारण टेबलावर हात अडकल्यावर तो सरळ करायलाही दुसऱ्याची मदत लागते.