क्रेडिट बँक: पासबुक चोख, पण रकाने आपणच तपासायचे

अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, मुलांच्या भाषेत 'एबीसी', 2021 पासून चालू आहे. कॉलेजात विषय पास झाल्यावर मिळणारे क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचे एकक, विद्यार्थ्याच्या नावे जमा ठेवणारं हे ऑनलाइन खातं. सेवा फुकट. डिजिलॉकरमध्ये आधार जोडलं आणि विद्यापीठ निवडलं की 12 अंकी आयडी हातात येतो.

कोकणात घोडं अडतं ते ओटीपीवर. मुलगी गुहागरला, आधारला जोडलेला नंबर वडिलांचा आणि वडील मुंबईला कामावर. फोन करून आकडा विचारेपर्यंत त्याची मुदत संपलेली असते. आधी आधार केंद्रावर स्वतःचा नंबर जोडून घ्या. नावही तिथेच बघा. आधारवर नाव आधी, गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मध्येच एखादं अक्षर वेगळं, अशा तफावतीमुळे क्रेडिट खात्यावर चढायचे राहतात. खात्यात भरणा कॉलेज किंवा विद्यापीठच करतं, विद्यार्थ्याला स्वतः करता येत नाही. म्हणून दर सत्राचा निकाल लागल्यावर खातं उघडून बघाच.

या सेवेची खरी उणीव वेगळी आहे. ती बेरीज दाखवते, पण पदवी काही नुसत्या बेरजेवर मिळत नाही. महाराष्ट्रात तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 क्रेडिट लागतात, सत्राला 20 ते 22. त्यात मायनरचे (दुय्यम विषयाचे) 18 ते 20, ओपन इलेक्टिव्हचे (वेगळ्या शाखेतून निवडायच्या विषयांचे) 10 ते 12, भारतीय ज्ञानप्रणालीचे 2 असे रकाने ठरलेले आहेत. एका रकान्यात जास्त झालेले दुसऱ्यात ओतता येत नाहीत.

सगळ्यात जास्त घोळ ओपन इलेक्टिव्हचा. हा विषय मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या, विद्याशाखेबाहेरचाच हवा. बी.कॉम.च्या मुलाने 'स्वयं' या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर बँकिंगचा कोर्स केला, परीक्षा दिली, पास झाला, तरी तो रकाना रिकामाच. लहान कॉलेजात पर्याय दोन-चारच असतात, त्यामुळे मुलं स्वयंकडे वळतात. ते योग्यच आहे, एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत कोर्स तिथून घेता येतात. पण स्वयंवरच्या एनपीटीईएल या आयआयटींच्या उपक्रमातल्या 8 आठवड्यांच्या कोर्सला 2 क्रेडिट आणि 12 आठवड्यांच्या कोर्सला 3. तुमचा रकाना 2 चा किंवा 4 चा असेल तर 3 चा कोर्स कसा बसवणार, हे कॉलेजकडून नोंदणीआधी लेखी घ्या. शिकणं फुकट असलं तरी परीक्षेची फी वेगळी आणि परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. जवळचं केंद्र कुठलं, एसटी कितीची, हेही आधीच बघून ठेवा.

जिथे ही बँक मनापासून आवडते ती जागा म्हणजे मध्येच शिक्षण सोडावं लागणं. घरची अडचण आली, मालवणात पर्यटनाच्या हंगामात काम मिळालं, म्हणून पहिल्या वर्षानंतर थांबणाऱ्यांची मेहनत पूर्वी पाण्यात जायची. आता 40 ते 44 क्रेडिट आणि वर कौशल्याचे 4 क्रेडिट पूर्ण केले की प्रमाणपत्र मिळतं. तीन वर्षांत परत यायचं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करायची. खात्यातल्या क्रेडिटची मुदतही जास्तीत जास्त सात वर्षंच. एकदा वापरलेलं क्रेडिट दुसऱ्या पदवीला चालत नाही.

कॉलेज बदलणार असाल तर अर्ज भरण्याआधी खात्याची प्रिंट आणि नव्या कॉलेजचा रकान्यांचा तक्ता शेजारी ठेवून एकेक ओळ पेन्सिलीने जुळवा.