प्लगच्या आट्यांसाठी बुशचं किट: काही महिने गाडी चालवून प्लग पुन्हा खोलल्यानंतर

इंजिनच्या हेडमधले (सिलिंडरांवरच्या झाकणातले) स्पार्क प्लगचे आटे गेले, की त्यांच्या जागी बसवायची आटेदार पोलादी नळी म्हणजे बुश. तो बसवला त्या दिवशी इंजिन सुरळीत चाललं, यावरून काहीच कळत नाही. कसाही बसवलेला बुश पहिल्या दिवशी चालतोच. खरी परीक्षा पुढच्या वेळी प्लग खोलताना होते. प्लग एकटा बाहेर येतो, की बुशला सोबत घेऊन? माझ्याकडे ती वेळ आता येऊन गेली, म्हणून लिहितोय. बुश जागचा हलला नाही.

गाडी चार सिलिंडरची, हेड ॲल्युमिनियमचं, प्लग खोल नळीच्या तळाशी. तिसऱ्या सिलिंडरचे आटे आधीच्या एका सर्व्हिसिंगमध्ये गेले होते. प्लग तिरका लागला आणि तो हाताने सुरू न करता थेट पान्याने दाबत नेला, एवढं वरच्या आट्यांकडे बघूनच कळत होतं. प्लग पोलादाचा, हेड ॲल्युमिनियमचं, त्यामुळे कापलं जातं ते हेडच. लक्षणं नेहमीचीच: टॉर्क पाना ‘टक’ म्हणायचं नाव घेईना, प्लग नुसता फिरत राही आणि आयडलिंगला फसफस आवाज.

एखाद-दुसराच आटा दुखावला असता तर बुशची गरज नव्हती. त्यासाठी आत जाऊन फुलणारा आणि आतून बाहेरच्या दिशेने आटे साफ करत येणारा चेसर मिळतो, आणि त्याने कीसही (कापलेल्या धातूचे बारीक तुकडे) बराचसा बाहेरच येतो. माझं प्रकरण त्यापलीकडे गेलं होतं. मग दोन पर्याय उरतात. एक, स्टेनलेस तारेची गुंडाळी, जिला सगळे हेलिकॉइल म्हणतात. दुसरा, आतून-बाहेरून आटे असलेला सलग पोलादी बुश, वर बारीक कॉलर असलेला. तारेची गुंडाळी इतर बोल्टांसाठी उत्तम, पण प्लगवर काजळी धरली की ती प्लगबरोबर उलगडत बाहेर येऊ शकते. प्लग वारंवार निघणार, म्हणून मी बुश घेतला. माप एम १४ × १.२५, आटे असलेल्या भागाची लांबी १९ मिमी, आणि बुश त्याच लांबीचा. ही लांबी जुळवणं फार महत्त्वाचं आहे. बुश आत डोकावला तर ती कड तापून लाल होते आणि ठिणगीआधीच मिश्रण पेटू शकतं. आखूड पडला तर प्लगचे शेवटचे आटे ज्वलनकक्षात उघडे पडतात, त्यांवर काजळी बसते आणि पुढच्या वेळी प्लग निघताना तीच काजळी आटे खरवडत येते.

हेड न उतरवता काम करायचं, तर बुश बसवणं सोपं आणि कीस आत न पडू देणं अवघड. ॲल्युमिनियमचा कीस चुंबकाला चिकटत नाही, हे लक्षात ठेवा. पिस्टन वर ठेवू नये, टॅप (आटे कापायचं हत्यार) त्यावर आपटेल. मी क्रँक हाताने फिरवून तो पॉवर स्ट्रोकच्या मधोमध आणला, कारण तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि कीस व्हॉल्व्हच्या सीटवर जाऊन बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा ठेवून हवेने कीस उडवून लावणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. टॅपच्या खाचांत घट्ट ग्रीस भरलं, थोडं फिरवायचं, पूर्ण बाहेर काढायचं, पुसायचं, नवं ग्रीस, पुन्हा आत. कंटाळवाणं आहे, पण इथे घाई केली की नंतर हेड उतरवायची तयारी ठेवा. शेवटी बारीक नळी लावून व्हॅक्यूमने कोपरे न् कोपरे ओढून घेतले आणि बोरस्कोपने (बारीक नळीच्या टोकावरच्या कॅमेऱ्याने) पाहिलं.

किटचं खरं कौतुक टॅपच्या पुढच्या भागासाठी. तिथे मूळ मापाचेच आटे आहेत. ते खालच्या शाबूत आट्यांत धरतात आणि मोठं कापणारा भाग त्यांच्यामागून सरळ उतरतो. म्हणजे तळाचे आटे वाचलेले हवेत. वरपासून खालपर्यंत सगळंच साफ झालं असेल, तर टॅपला वाट दाखवायला काही उरत नाही. मग हेड उतरवून मशीनवर न्यावं. त्यानंतर कॉलरसाठी सीट कापायची. प्लगचा वायसर आता या कॉलरवरच दबणार, त्यामुळे ती सपाट बसली नाही तर सगळी मेहनत वाया.

बुशच्या तळाचे काही आटे मुद्दाम अपुरे ठेवलेले असतात. ड्रायव्हर, म्हणजे बुश फिरवत आत बसवायचं हत्यार, त्यांतून जाताना ते बाहेर दाबले जातात आणि बुश हेडमध्ये अडकतो. हाताला आधी जोर लागतो, मग एकदम हलकं होतं. ड्रायव्हरला तेल हवंच, नाहीतर तोच बुशमध्ये अडकून बसेल. बुशच्या बाहेरच्या आट्यांना मी जास्त तापमान सोसणारं थ्रेड लॉकर (आटे सुटू न देणारा गोंद) लावलं, तेही थेंबभर.

आता वापराबद्दल. लांब पल्ले, भर गर्दीत तापलेलं इंजिन, थंडगार सकाळी स्टार्ट, सगळं झालं. फसफस पुन्हा ऐकू आली नाही. कॉम्प्रेशन शेजारच्या सिलिंडरांइतकंच. प्लगची बरीचशी उष्णता आटे आणि सीटमधून हेडमध्ये उतरते आणि मध्ये पोलादाचा आणखी एक थर आला, म्हणून हा प्लग जास्त तापेल अशी मला शंका होती. पण प्लगचं टोक बाकीच्यांसारखंच फिकट तपकिरी निघालं. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच खोललं. पहिला पाव फेरा जरा धाकधुकीचा होता, नंतर प्लग बोटांनी सुटत आला. परत बसवताना हाताने सुरुवात आणि २५ ते ३० न्यूटन मीटरच्या पट्ट्यात टॉर्क, जो वायसरवाल्या १४ मिमी प्लगला ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये चालतो. अँटीसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचं वंगण) लावलं नाही. एनजीकेसारखे उत्पादक मुलामा दिलेल्या प्लगला ते लावू नका असंच सांगतात, कारण आटे निसरडे होऊन त्याच टॉर्कला प्लग जास्त ताणला जातो.

तक्रारी आहेतच. सूचनांचा कागद इतका त्रोटक, की कीस कसा आवरायचा याबद्दल एक ओळ नाही. हँडल आखूड, खोल नळीसाठी एक्स्टेंशन वेगळं जुळवावं लागलं. टॅपची धार मात्र पहिल्यासारखी राहिली आहे.

तुमच्या प्लगला वायसर नसून निमुळती सीट असेल, तर हे किट घेऊ नका. ती सीट कॉलरवर बसणार नाही. त्या प्लगसाठी वेगळा बुश येतो, आणि तो प्लग कसायचाही वेगळा: हाताने टेकल्यावर साधारण फेऱ्याचा सोळावा भाग.