जिवंत पकडणारे उंदराचे पिंजरे: डाळमिल आणि गोदामातील नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

हा अनुभव लिहायला मी मुद्दाम नऊ महिने थांबलो, कारण उंदराच्या पिंजऱ्याबद्दल पहिल्या आठवड्यात केलेले कौतुक आणि पहिल्या आठवड्यात काढलेली खोड, दोन्ही सारखीच कुचकामी असतात. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील आमची डाळमिल व तिला लागून असलेले कार्यालय, आणि धरणगावच्या बाजूला एका खेड्यात भाड्याने घेतलेले जुने दगडी गोदाम, अशा दोन जागांची देखरेख माझ्याकडे आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, उडीद-मुगाची आवक जोरात असताना, मी दाणा बाजाराजवळच्या एका दुकानातून आठ पिंजरे आणले. त्यांतले पाच पत्र्याच्या पेटीसारखे आहेत. उंदीर एका झुलत्या फळीवरून आत उतरतो, फळी मागे वर उचलली जाते आणि त्याला परत येता येत नाही, पण मागून येणाऱ्या दुसऱ्यासाठी वाट मोकळीच राहते. उरलेले तीन तारेचे, खटक्याने दार पडणारे. पेटी ४०० रुपयांना आणि तारेचा पिंजरा १५० रुपयांना पडला.

त्याआधी आम्ही ब्रोमाडायोलोनच्या वड्या वापरत होतो. हे विष रक्त गोठू देत नाही आणि उंदीर तीन-चार दिवसांनी, त्याच्या मर्जीच्या जागी मरतो. गेल्या वर्षी ही जागा तुरीच्या थप्पीमागची भिंत आणि पत्रा यांच्यामधली फट निघाली, आणि दोनशे कट्टे हलवून ती सापडेपर्यंत हमालांनी नाकाला रुमाल बांधून काम केले. शिवाय अन्न व्यवसायाच्या परवान्याच्या २०११ च्या नियमांतील चौथ्या परिशिष्टानुसार कीड-उंदरांचा बंदोबस्त ठेवणे बंधनकारक असले, तरी उघड्या डाळीशेजारी विषाची वडी ठेवण्याइतका धोका दुसरा नाही. पोत्याला भोक पाडून आत गेलेल्या उंदराच्या तोंडातून ती वडी डाळीत पडली तर ती शोधणार कोण? मध्यंतरी गोंदाचे पुठ्ठेही आणून पाहिले. त्यावर चिकटलेला उंदीर रात्रभर ओरडतो, स्वतःचे कातडे सोलून घेतो, आणि सकाळी त्याचे काय करायचे हे कोणीच सांगत नाही. भारतीय पशु कल्याण मंडळाने या पुठ्ठ्यांविरुद्ध राज्यांना सूचना दिलेल्या आहेत आणि प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० पासून आहे, हे मला नंतर कळले. पण आमचे पुठ्ठे त्याआधीच बंद झाले होते, कारण ते उचलायला एकही माणूस तयार होईना.

पिंजरे आणल्यावर पहिले पाच दिवस एकही उंदीर सापडला नाही. दुकानदाराला फोन करायच्या बेतात असताना आमचे रखवालदार नाना म्हणाले, "भाऊ, उंदीर काई येडा नही. त्याले पहिले खाऊ द्या, मंग धरा." नानांचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. मोठ्या जातीचा उंदीर नव्या वस्तूला घाबरतो आणि ओळखीच्या वाटेवर अचानक आलेल्या डब्याला कित्येक दिवस वळसा घालतो. घरातली लहान जातीची उंदरे मात्र चौकस असतात आणि लवकर आत शिरतात. मग आम्ही पेट्या भिंतीला चिकटून, तोंड भिंतीच्या दिशेशी समांतर ठेवून, चार दिवस न लावता नुसते आमिष भरून ठेवल्या. उंदीर मोकळ्या जमिनीवरून न जाता भिंतीच्या कडेने अंग घासत जातो, आणि त्या अंगाचा तेलकट काळा पट्टा एकदा ओळखता आला की पेटी कुठे ठेवायची हा प्रश्न उरत नाही. आमिषाचा प्रश्न मात्र उरतो. डाळमिलमध्ये डाळ ठेवून उंदीर पकडणे म्हणजे विहिरीवर पाणी विकणे. आमच्याकडे सर्वांत चालले ते शेंगदाण्याचा कूट आणि गुळाची लहान गोळी, त्याखालोखाल तेल लावलेली कळण्याची भाकरी. आणि फेब्रुवारीपासून काकडीची फोड, कारण कोरड्या मिलमध्ये उंदराला दाण्यापेक्षा पाण्याची ओढ जास्त असते.

दोन प्रकारांत माझी पसंती पत्र्याच्या पेटीला आहे. आत अंधार असल्यामुळे सापडलेला उंदीर तारांवर डोके आपटत नाही आणि शांत बसून राहतो, तर तारेच्या पिंजऱ्यात त्याचे नाक सोलून निघालेले मी अनेकदा पाहिले आहे. तारेच्या पिंजऱ्याच्या सळयांमधले अंतर एवढे आहे की लहान उंदीर आमिष खाऊन निवांत बाहेर पडतो. तीनपैकी दोन पिंजऱ्यांच्या स्प्रिंगा डिसेंबरपर्यंत सैल झाल्या आणि एकाचे दार शेपटीवर पडले, ही तक्रार दुकानदाराला सांगितली तेव्हा त्याने ती उत्पादकावर ढकलली आणि उत्पादकाने ती आमच्या वापरावर. पेटीचाही एक दोष आहे: झाकणाच्या कडा न वळवता कापलेल्या होत्या. त्या आम्ही पत्रेवाल्याकडून वळवून घेतल्या, तो खर्च दुकानदाराच्या किमतीत धरावा.

पकडलेल्या उंदराचे करायचे काय, हा या पिंजऱ्यांचा खरा प्रश्न आहे आणि डब्यावरच्या कागदात त्याबद्दल एक अक्षर नाही. पूर्वी पिंजरा पाण्याच्या बादलीत बुडवला जायचा. ओळखीच्या पशुवैद्यांनी बुडवणे ही अत्यंत यातनेची पद्धत आहे आणि कोणत्याही प्राण्यासाठी ती मान्य नाही असे स्पष्ट सांगितल्यावर आम्ही ती थांबवली. मग नाना पेट्या दुचाकीला बांधून गिरणा नदीच्या काठी नेऊ लागले. तिसऱ्याच फेरीला मक्याच्या शेतातून एक आजोबा बाहेर आले आणि म्हणाले, "तुमना उंदीर आमना मकाम्हा कसाले सोडतस?" त्यांच्या या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. आणि अनोळखी जागेत सोडलेल्या उंदराला बीळ, पाणी, वाट काहीच ठाऊक नसल्यामुळे त्याचीही तेथे फारशी धडगत नसते. तेव्हापासून आम्ही ते मिलच्या मागच्या भिंतीपलीकडे, आमच्याच जागेतल्या नाल्याकाठच्या बाभळींत सोडतो.

अर्थातच ते परत येतात. आणि येथेच मला या वस्तूचा खरा उपयोग कळला. नोव्हेंबरमध्ये अर्धी शेपटी तुटलेला एक मोठा नर पेटीत आला. नानांनी तो नाल्यापलीकडे सोडला, आणि तिसऱ्या दिवशी तोच बांडा पुन्हा त्याच पेटीत आमिष खात बसलेला. पुन्हा सोडला, पुन्हा आला. विष किंवा गोंद वापरला असता तर एक उंदीर संपला असता आणि त्याच्या वाटेने दुसरा आला असता, आणि ती वाट आम्हाला कधीच दिसली नसती. त्या संध्याकाळी आम्ही मिलच्या आतल्या भिंतींच्या कडेने पांढऱ्या रांगोळीची पातळ पूड पसरली. सकाळी तिच्यावर पावलांची रेघ उमटली होती, मधोमध शेपटी ओढल्याची पुसट खूण, तीही अर्धवट. आणि ती सरळ धान्य वर चढवणाऱ्या एलेव्हेटरच्या खड्ड्यामागे, जुन्या केबलच्या पाइपाच्या तोंडाशी जाऊन थांबत होती. या पाइपातून केबल काढून सहा वर्षे झाली होती आणि तो बुजवायचे कोणाच्याही मनात आले नव्हते. तारेची घासणी ठासून वरून सिमेंट भरले. बांडा त्यानंतर आला नाही.

त्यानंतरचे चार रविवार आम्ही फटी बुजवण्यात घालवले. साधे माप असे ठेवले की ज्या फटीतून पेन्सिल जाते त्यातून लहान उंदीर जातो, कारण त्याला सुमारे ६ मिलिमीटरची फट पुरते. मोठ्या जातीच्या पिल्लाला १२ मिलिमीटर. शटरच्या खाली रबराची पट्टी लावली, ती पंधरा दिवसांत कुरतडली गेली, कारण उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात आणि त्याला काहीतरी कुरतडावेच लागते. मग पट्टीच्या बाहेरून पत्र्याची झालर लावली. झरोक्यांना बारीक जाळी बसवली. चुनीची पोती भिंतीपासून हातभर अंतरावर आणि लाकडी फळ्यांवर आली, आणि कार्यालयात टेबलाच्या खणात शेवेची पुडी ठेवण्यावर बंदी आली, जिच्याबद्दल मला आजही बोलणी खावी लागतात. आमच्या वहीत नोव्हेंबरमध्ये एकतीस उंदरांची नोंद आहे आणि मार्चमध्ये चारांची. मादी तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी सहा-आठ पिल्ले घालते, तेव्हा हा फरक आठ पिंजऱ्यांनी नुसते पकडून पडला असे मला वाटत नाही.

मे महिन्यातली एक गोष्ट लपवण्यासारखी नाही. शनिवारी मिल लवकर बंद झाली, नाना लग्नाला गेले होते, आणि पत्र्याच्या छताखालची एक पेटी लावलेलीच राहिली. रविवारी बाहेर ४५ अंश होते. सोमवारी पेटी उचलली तेव्हा ती आतून हलली नाही. तीन लहान उंदरे एकमेकांना चिकटून, तोंडे हवेच्या भोकांकडे करून मेली होती. पेटीच्या पत्र्याला तेव्हाही हात लाववत नव्हता. गोंदाच्या पुठ्ठ्यापेक्षा हे काही वेगळे नव्हते आणि दोष पूर्णपणे माझा होता. त्या दिवसापासून पेटी लावणाऱ्याने वहीत सही करायची, सकाळी सात आणि संध्याकाळी सहा अशी दोनदा उघडून पाहायची, सुट्टीच्या आदल्या दिवशी एकही पेटी लावलेली ठेवायची नाही, आणि उन्हाळ्यात पेटी फक्त जमिनीवर, सावलीत, काकडीसह लावायची असा नियम आहे. ज्याच्याकडे रोज दोनदा पाहणारा माणूस नाही, त्याने हे पिंजरे घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. याच नियमामुळे चिचुंद्रीही वाचते. ती उंदीर नाही, झुरळे-किडे खाणारा वेगळा प्राणी आहे, आणि फार वेळ उपाशी राहिली तर मरते.

हाताळताना जाड हातमोजे घालावेत, आणि लेंड्या कोरड्या झाडू नयेत. जंतुनाशकाच्या पाण्याने भिजवून मग पुसाव्यात, म्हणजे धूळ उडत नाही. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, आणि पावसाळ्यात अनवाणी वावरणाऱ्या हमालांना त्याचा धोका सर्वांत जास्त असतो.

खेड्यातल्या गोदामात या पिंजऱ्यांचा उपयोग निम्माच झाला. तिथे त्रास घुशीचा आहे. ती मातीच्या जोत्यातून बोगदा काढते, बाहेर मातीचा ढीग टाकते, आणि पेटीच्या तोंडात तिचे खांदेही मावत नाहीत. तिथे शेवटी जोत्याच्या कडेने हातभर खोल चर खणून त्यात जाळी आणि सिमेंट-खडी भरावी लागली. पण विष बंद केल्याचा फायदा याच गोदामात डोळ्यांनी दिसला. वरच्या झरोक्यात गव्हाणी घुबडाची जोडी राहते. ते अशुभ म्हणून हुसकावण्याचा आग्रह मालकांनी पूर्वी धरला होता. मी त्यांना घुबडाच्या ठिकाणाखाली पडलेल्या, न पचलेल्या हाडा-केसांच्या ओकून टाकलेल्या गोळ्या फोडून दाखवल्या, एकेकीत दोन-तीन उंदरांच्या कवट्या. विषाने मरू लागलेला सुस्त उंदीर घुबडाने खाल्ला तर ते विष घुबडालाही बाधते. धामण निघाली तरी आता कोणी काठी उचलत नाही, सर्पमित्राला फोन जातो.

आवाजाने उंदीर पळवणारे, भिंतीत लावायचे यंत्रही कार्यालयात दोन महिने चालू होते. त्याच्या वायरीचे आवरण उंदरांनी कुरतडले, यापलीकडे त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्ये अशा यंत्रांच्या साठाहून अधिक उत्पादक-विक्रेत्यांना दाव्यांबद्दल इशारापत्रे पाठवली होती, हे मी खरेदीआधी वाचायला हवे होते.

पुन्हा घ्यायचे झाले तर मी पत्र्याच्या चार पेट्या घेईन, तारेचा एकही पिंजरा घेणार नाही, आणि उरलेले पैसे गवंड्याला देईन. सध्या पाऊस सुरू झाला आहे, नाल्याकाठची बिळे भरली आहेत आणि गेल्या आठवड्यात वहीत सहा उंदरांची नोंद झाली, सर्व शटरच्या डाव्या कोपऱ्यातल्या पेटीत. पत्र्याची झालर तिथे अर्धा इंच वर उचलली गेली आहे. उद्या वेल्डर येणार आहे.