घरगुती बिअरचे चार लिटरचे किट: उकळताना सढळ, बाटल्या भरताना हात आखडता

घरी पहिल्यांदाच बिअर करू पाहणाऱ्यांसाठी साधारण चार लिटरची छोटी किट मिळतात. त्यांपैकी पेल एल (फिकट रंगाची बिअर) प्रकारचे एक किट मी माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) उकळण्यापासून बिअर ग्लासात ओतेपर्यंत पूर्ण वापरून पाहिले. बिअर आंबवण्यापर्यंतचे सामान आणि सूचना या किटमध्ये उत्तम आहेत. बाटल्या भरण्याच्या टप्प्यावर मात्र निर्मात्याने काटकसर केली आहे, आणि नवख्याला खरा धोका असतो तो याच टप्प्यावर.

किटमध्ये काचेची बरणी, भोकाचे रबरी बूच, एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न येऊ देणारी झडप), सायफनची नळी, माल्टचा घट्ट पाक, हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांच्या) गोळ्यांची दोन पाकिटे, सुके यीस्ट आणि वापरल्यावर पुन्हा पाण्याने धुवावे न लागणारे निर्जंतुकीकरणाचे द्रावण आहे. धान्य 65 ते 68 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर भिजवून साखर काढण्याचे काम पाकामुळे वाचते. या सोयीला नाक मुरडणारे पुष्कळ आहेत, परंतु पहिल्या खेपेला शिकायच्या गोष्टी इतक्या असतात की त्यांतली एक कमी झाली तर बिघडत नाही. हॉप्सच्या पाकिटांवर अल्फा आम्लाचे, म्हणजे कडवटपणा देणाऱ्या घटकाचे, प्रमाण छापलेले आहे, ही जमेची बाजू. कडवटपणाचा अंदाज त्याशिवाय बांधता येत नाही.

उकळण्याच्या सूचना नेमक्या आहेत. पाक घालताना पातेले आचेवरून उतरवावे, नाहीतर तो तळाला लागतो. पहिली उकळी येताना फेस झपाट्याने वर चढतो, तेव्हा पातेल्यापासून हलू नये. हॉप्सचे पहिले पाकीट तासभर उकळावे आणि दुसरे शेवटच्या पाच मिनिटांत घालावे. यामागचे कारणही दिलेले आहे: अल्फा आम्लांचे कडवट रूपांतर व्हायला बराच वेळ उकळावे लागते, तर सुगंधी तेले तेवढ्या वेळात उडून जातात. उकळलेले हे माल्टचे पाणी लवकर निववावे लागते, आणि येथे छोट्या मापाचा फायदा दिसतो, कारण वीस लिटरसाठी तांब्याच्या नळीचे वेटोळे वापरावे लागते, तर चार लिटरचे पातेले बर्फाच्या पाण्यात ठेवले तरी भागते. यीस्टचे पाकीट अकरा ग्रॅमचे, म्हणजे वीस लिटरला पुरणारे आहे. त्यातले तिसऱ्या हिश्श्याइतकेच घालण्याची सूचना योग्य आहे.

बरणी मात्र काठोकाठ भरते आणि फेसाला जागा उरत नाही. निर्मात्याला याची जाणीव असावी, कारण सुरुवातीचे दोन-तीन दिवस एअरलॉकऐवजी लावायला एक रुंद नळी सोबत आहे. तिचे दुसरे टोक पाण्यात बुडवून ठेवले की फेस निमूटपणे बाहेर पडतो. बरणीवर तापमानाची पट्टीही चिकटवलेली आहे. आंबताना उष्णता निर्माण होत असल्यामुळे आतले द्रव खोलीपेक्षा काही अंशांनी गरम असते, आणि 18 ते 22 अंशांची मर्यादा खोलीला नव्हे तर त्या द्रवाला लागू असते, हे त्या पट्टीमुळे चटकन ध्यानात येते.

बाटल्या भरण्याविषयी मात्र पुस्तिका फक्त इतकेच सांगते की चौदा दिवसांनी प्रत्येक बाटलीत अर्धा चमचा साखर घालावी, बिअर भरावी आणि झाकण लावावे; ही साखर बाटलीत आंबून बिअरला फेसाळ करणारा वायू तयार होतो. या सूचनेला माझा स्पष्ट आक्षेप आहे. बिअर आंबून पूर्ण झाली की नाही हे दिनदर्शिका सांगू शकत नाही, आणि एअरलॉकमधले बुडबुडे थांबणे हाही पुरावा नव्हे. त्यासाठी हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजणारे साधन, लागतो, आणि नेमका तोच या किटमध्ये नाही. आरंभी 1.050 असलेली घनता (पाण्याची 1.000 धरून) 1.012 पर्यंत उतरली आणि दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली मोजमापे सारखीच आली, तरच काम संपले असे समजावे. या दोन आकड्यांतला फरक 131 ने गुणला की मद्यार्काचे प्रमाण सुमारे पाच टक्के येते. उतरायची घनता 0.004 इतकी जरी बाकी राहिली, तरी उरलेली साखर बाटलीत आंबते आणि ठरवलेल्यापेक्षा जवळपास दुप्पट वायू तयार होतो. अशी बाटली फुटली तर काचा कुठवर उडतील याचा नेम नसतो. प्रत्येक मोजमापाला शंभरेक मिलिलिटर बिअर जाते आणि चार लिटरांत ते खटकते, हे मान्य. पण तो नमुना चाखून पाहता येतो, फक्त परत बरणीत ओतू नये.

चमच्याने साखर मोजण्याची पद्धतही बरी नाही, कारण चमचा कधी सपाट भरतो, कधी शिगोशीग, आणि मग एक बाटली मिळमिळीत निघते तर दुसरी उघडताच उसळते. दर लिटरला सहा ते सात ग्रॅम साखर वजन करून थोड्या पाण्यात उकळावी, ते पाणी निर्जंतुक केलेल्या दुसऱ्या भांड्यात ओतावे आणि त्यावर सायफनने बिअर अलगद सोडावी. ती खळखळली तर हवा मिसळते आणि पुढे ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. हे भांडेही किटमध्ये नाही आणि नळीच्या टोकाला लावायची स्प्रिंगची झडपही नाही, त्यामुळे प्रत्येक बाटलीनंतर नळी चिमटीत धरून ठेवावी लागते. झाकणे दाबायचे दोन दांड्यांचे यंत्र मात्र दणकट आहे. बाटल्या आपल्यालाच मिळवाव्या लागतात; त्या तपकिरी, जाड काचेच्या आणि आट्यांचे झाकण नसलेल्या असाव्यात, कारण उजेडामुळे हॉप्समधून उग्र दर्प निर्माण होतो.

तळाचा गाळ सोडून 330 मिलिलिटरच्या दहाएक बाटल्या भरतात. खोलीच्या तापमानाला दोन आठवडे ठेवून मग थंड केलेली बिअर सोनेरी, किंचित धूसर निघाली. तिला संत्र्याच्या सालीसारखा वास होता, पण अंगाने ती थोडी हलकी वाटली. घ्यायचेच झाले तर हे किट हायड्रोमीटर आणि ग्रॅमचा काटा यांच्यासह घ्यावे. वायू तयार होईपर्यंत बाटल्या झाकणाच्या जाड खोक्यात ठेवाव्यात. पुस्तिकेत ही खबरदारी कुठेच सांगितलेली नाही.