टोरांटोचा माल: हॅलिफॅक्स, मॉन्ट्रियल की न्यूयॉर्क?

बडोद्याहून, म्हणजे नंदेसरी, पादरा किंवा सावलीतून निघालेला कंटेनर मुंद्र्याला किंवा न्हावाशेव्याला जहाजावर चढला की आपण निर्धास्त होतो. गिऱ्हाईक टोरांटोचं असेल तर खरी गाठ बंदरापासून टोरांटोपर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात असते. कॅनडात दोनच मोठ्या रेल्वे कंपन्या, सीएन आणि सीपीकेसी. 22 ऑगस्ट 2024 ला दोन्ही एकाच रात्री बंद पडल्या. सुमारे 9,300 कामगार बाहेर. तो संप नव्हता, कंपन्यांनी केलेली टाळेबंदी होती, पण अडकलेल्या मालाला दोन्ही सारखंच. सरकारनं त्याच दिवशी वाद लवादाकडे सोपवायचं ठरवलं आणि चार-पाच दिवसांत कामगार परत आले. त्या रुळांवरून रोज एक अब्ज कॅनेडियन डॉलरहून जास्त किमतीचा माल जातो. बडोद्याच्या हाथीखाना बाजारात येणारी कॅनडाची मसूरही याच रुळांनी व्हँकुव्हरला पोचते. साचलेले डबे हलायला बंदच्या दिवसांपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. निर्यातदाराचं नुकसान तिथे होतं, कारण डेमरेजचं, म्हणजे कंटेनर अडकून पडल्याच्या रोजच्या आकाराचं, मीटर चालूच राहतं.

हॅलिफॅक्स खोल पाण्याचं बंदर, मोठी जहाजं थेट लागतात. पण तिथे फक्त सीएनची रेल्वे आहे आणि टोरांटो सुमारे 1,800 किलोमीटर दूर. रेल्वे थांबली की ट्रकचं भाडं नफा खाऊन टाकतं. घाई नसलेला, मोठा लॉट असेल तरच हॅलिफॅक्स धरावं.

मॉन्ट्रियल नदीवरचं बंदर, त्यामुळे जहाजं लहान आणि माल बहुधा युरोपातल्या किंवा भूमध्य समुद्रातल्या बंदरात उतरवून दुसऱ्या जहाजावर चढवतात. दिवस थोडे जास्त लागतात. तरी आमचा कौल मॉन्ट्रियलला. टोरांटो साधारण 540 किलोमीटर, म्हणजे दोन्ही रेल्वे बंद असल्या तरी ट्रकनं एका दिवसात माल पोचतो. यात एक गोष्ट सांभाळा: बीएलवर (बिल ऑफ लेडिंग, जहाजी मालाची पावती) 'प्लेस ऑफ डिलिव्हरी' टोरांटो लिहिलं असेल तर कंटेनर कधी आणि कशानं हलवायचा हे शिपिंग लाइन ठरवते. मॉन्ट्रियल लिहिलं तर गिऱ्हाईक स्वतःचा ट्रक पाठवून तिथूनच उचलू शकतं. हे बुकिंगच्या वेळीच ठरवा. अर्थात गोदी कामगारांचा वाद मॉन्ट्रियललाही चुकला नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये तिथेही टाळेबंदी झाली होती.

न्यूयॉर्क कॅनडाच्या रेल्वेपासून पूर्ण मोकळं. टोरांटो सुमारे 800 किलोमीटर, बफेलोची सीमा ओलांडून. ऑक्टोबर 2024 मध्ये तिथल्या गोदी कामगारांचा तीन दिवसांचा संप झाला, पण त्यांचा नवा करार सप्टेंबर 2030 पर्यंत आहे. अडचण कागदांची आणि वजनाची. माल अमेरिकेतून नुसता पार जाणार असल्यानं बाँडखाली, म्हणजे तिथलं आयात शुल्क न भरता कस्टम्सच्या हमीवर, वाहतूक लागते. माल जहाजावर चढवण्याआधी अमेरिकेची सुरक्षा माहिती आणि सीमेवर कॅनडाचं ई-मॅनिफेस्ट (मालाची ऑनलाइन यादी), दोन्ही भरावी लागतात. वजनाचं गणित तर बडोद्यातच बिघडतं. 20 फुटी कंटेनरात 250 किलोचे 80 निळे ड्रम, मधे प्लायवूड टाकून दोन थरांत भरतात. झाले 20 टन. अमेरिकी रस्त्यावर साध्या चेसिसवर (कंटेनर ठेवायच्या चाकांच्या सांगाड्यावर) 20 फुटीत जेमतेम 17 टन चालतात. त्याहून जास्त वजनाला तीन आसांची चेसिस लागते, कधी वेगळा परवानाही, आणि टंचाईत ती चेसिस मिळत नाही. 64 ड्रम भरले तर हा प्रश्न उरत नाही; दर ड्रममागे भाडं वाढेल, ते दरात धरा.

धोकादायक रसायन असेल तर तारखेवर विसंबू नका. कायद्यानं संपाची किंवा टाळेबंदीची नोटीस 72 तास आधी द्यावी लागते, पण 2024 मध्ये क्लोरीन, अमोनियासारखा माल घेणं रेल्वेनं कित्येक दिवस आधीच थांबवलं होतं. वाटेत बेवारस टँकर उभे राहू नयेत म्हणून.

विम्याबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज आहे. माल-विम्याच्या नेहमीच्या 'ए' क्लॉजमध्ये, म्हणजे सर्वात व्यापक कलमांत, संपाचं नुकसान वगळलेलं असतं. त्यासाठी स्ट्राइक्स क्लॉज वेगळा घ्यावा लागतो. तो घेतला तरी संपकऱ्यांनी मालाची नासधूस केली तरच पैसे मिळतात. उशिराचं नुकसान दोन्हीत नाही. म्हणून डीएपी टोरांटोवर, म्हणजे टोरांटोपर्यंत माल पोचवायची जबाबदारी तुमची अशा अटीवर, सौदा करत असाल तर डेमरेज कोणी भरायचं हे करारात लिहून घ्या, नाहीतर ते तुमच्याच गळ्यात पडेल.

आणि जहाज निघाल्यावर बंदर बदलायचं झालं, तर दुसऱ्या जहाजावर चढण्याआधीच फॉरवर्डरमार्फत (माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या एजंटमार्फत) अर्ज टाका. एकदा दुसऱ्या जहाजात कंटेनर खालच्या थरात गेला की लाइन हात लावत नाही.